मापाडी कशाला, मशीन आहे ना

लातूरच्या आडतीत सोयाबीनचं माप होताना शेतकरी काट्याकडं बघतो, मापाडी कट्ट्याकडं आणि आडत्या ओलाव्याच्या मशीनकडं. कुणाचाच कुणावर भरवसा नाही. तुम्ही मात्र शास्त्रज्ञ आहात. त्याच सोयाबीनमधलं एकेक प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनवर, मोजायला निघालात, तर हा संशयी स्वभाव आधी सोडा.

पिठातलं प्रथिन काढलं की त्यात ट्रिप्सिन हे प्रथिन तोडणारं विकर टाका आणि निवांत घरी जा. लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढं ते प्रथिनाची साखळी तोडून पेप्टाइड नावाचे तुकडे करतं असं पुस्तकात छापलंय, म्हणजे तोडणारच. आता, सोयाबीनच्या दाण्यातच ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. म्हणून तर कच्चं सोयाबीन कोंबड्यांना मानवत नाही. पण ते कोंबड्यांचं दुखणं. तुमच्या नळीत ती पाहुण्यासारखी गप बसतील.

मग मशीनच्या आलेखावर शिखरं दिसतील. ज्याचं शिखर उंच, ते प्रथिन जास्त, असं ठोकून द्या. दोन पेप्टाइडांच्या रेणूंची संख्या अगदी सारखी असली तरी एकाचे आयन, म्हणजे मशीनला दिसणारे विद्युतभारित कण, भराभर होतात आणि दुसरं मुकं राहतं, अशी कुरबूर कुणीतरी करेलच. ग्रामसभेत जो मोठ्यानं ओरडतो त्याच्याच घरात माणसं जास्त, हे आपण कधीच मान्य केलंय.

काही चिकट लोक जड पेप्टाइड विकत आणतात. पेप्टाइड तेच, पण शेवटच्या लायसिनमध्ये कार्बन 13 आणि नायट्रोजन 15 हे जड अणू भरून 8 डाल्टननं (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) जड केलेलं. आर्जिनिन असेल तर 10. रसायन सारखं, म्हणून दोघं कॉलममधून, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून, एकाच वेळी उतरतात, आणि मशीन मात्र वजनावरून त्यांना वेगळं ओळखतं. जड किती टाकलं ते ठाऊक असतं. शिखरांचं गुणोत्तर काढलं की मूळचं किती ते निघतं. 2003 पासून या पद्धतीला ‘एक्वा’ म्हणतात. नावातच पाणी. 2016 साली लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, तशी हीही येईल कधीतरी.

आणलंच जड पेप्टाइड, तर सगळ्यात शेवटी टाका, नमुना मशीनमध्ये घालायच्या दोन मिनिटं आधी. म्हणजे गाळताना जे सांडलं ते हिशेबात येतच नाही. आख्खं प्रथिनच जड करून पहिल्या पायरीला मिसळणारेही आहेत. त्यात ट्रिप्सिननं केलेली कामचुकारीसुद्धा पकडली जाते, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. पेप्टाइड मेथिओनिन हे अमिनो आम्ल असलेलं निवडा. त्यातलं काही ऑक्सिजन धरून 16 डाल्टन पलीकडं जाऊन बसतं, तेवढीच मोजायची मेहनत वाचते.

कुपीवर 1 मिलिग्रॅम लिहिलंय ना? मग तेवढंच धरा. त्या भुकटीत क्षार आणि पाणीही असतं, पण ते वजा कोण करत बसतो! गेल्या दिवाळीत आमच्या अप्पांच्या कट्ट्यातले दोन दाणे आडत्यानं दाताखाली धरले, ‘कट्‌’ असा आवाज आला नाही, म्हणून क्विंटलमागं दोन किलो कापले. तो अडाणी व्यवहार. तुम्ही ग्लायसिनिन, म्हणजे सोयाबीनमधलं मुख्य प्रथिन, थेट चार दशांश स्थळांपर्यंत छापा.

फक्त तो आकडा घरी सांगू नका. अप्पा विचारतील, “पासंग बघितलास का रे?” लगेच पावसाचा विषय काढा.