मस्टँग विकणे आहे, किरकोळ काम बाकी

डेट्रॉइटच्या आसपास राहता, हौसेने १९६६ ची फोर्ड मस्टँग गाडी घेतलीत, आणि आता घरच्यांनी गॅरेज मोकळं करायला सांगितलंय? घाबरू नका. गाडी दुरुस्त करण्यापेक्षा जाहिरात दुरुस्त करणं केव्हाही स्वस्त.

सुरुवात 'दुर्मीळ' या शब्दाने करा. त्या एका मॉडेल वर्षात फोर्डने सहा लाखांहून जास्त मस्टँग विकल्या, हे ज्याला माहीत आहे तो तसाही तुमचं गिऱ्हाईक नव्हे. पुढचं वाक्य ठरलेलं: 'उभी केली तेव्हा चालू होती.' हे शंभर टक्के खरं आहे. तेव्हा बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष होते, हे कोणी विचारल्याशिवाय सांगू नये.

इंजिनाबद्दल मात्र जपून. तुमच्या गाडीत २०० घनइंचाचं, सहा सिलिंडरचं गरीब इंजिन आहे. पण पुढच्या मडगार्डवर '२८९' चा (म्हणजे २८९ घनइंचाच्या, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचा) बिल्ला डकवला की गाडी व्ही-८ दिसू लागते, आणि असे नवेकोरे बिल्ले सर्रास मिळतात. अडचण दोन ठिकाणी येते. मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. सी, ए किंवा के असेल तर व्ही-८, तुमचं टी आहे. तिथे ग्रीस फासा. (नंबर खोडू नका, तो गुन्हा आहे. ग्रीस हा नुसता गबाळेपणा.) दुसरी अडचण चाकांची. सहा सिलिंडरच्या मस्टँगला दर चाकाला चार नट, व्ही-८ ला पाच. मोठे व्हीलकॅप बसवा, आणि गिऱ्हाईक खाली वाकलं की कॉफी विचारा.

आता गंज. मिशिगनच्या रस्त्यांवर दर हिवाळ्यात मीठ पडतं, त्यामुळे त्याचं आश्चर्य कोणालाच वाटणार नाही, फक्त किती ते कळू देऊ नका. दाराखालच्या पट्टीवर चुंबक चिकटत नसेल तर तिथे लांबी (पुट्टी) भरलीय असं म्हणायचं नाही. फोर्ड काळाच्या पुढे होती म्हणायचं. डिक्कीत जुनी मासिकं रचून ठेवा. या गाडीत पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू हीच डिक्कीची फरशी, तेव्हा तिथे उगाच बोट घालून बघणारा थेट इंधनापर्यंत पोचायचा.

खरा धोका बादलीवाल्या माणसाचा. वायपरपाशी जी जाळी आहे तिच्यातून पावसाचं पाणी आत शिरून बाजूंनी निघून जावं, अशी मूळ योजना. आतला पत्रा कुजला की ते ड्रायव्हरच्या बुटांवर येतं. जाणकार त्या जाळीवर पाणी ओततो आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून विजेरी मारतो. म्हणून गाडी दाखवायची ती जानेवारीत, उणे पंधरा तापमानात, अंगणात. तेवढ्या थंडीत माणूस बादली घेऊन येत नाही, आणि आलाच तर डोकं खाली घालत नाही.

किंमत कशी ठरवायची? त्याच महिन्यात ॲरिझोनात स्कॉट्सडेलला जुन्या गाड्यांचे लिलाव असतात. तिथे शेल्बी जीटी-३५०, म्हणजे मस्टँगची खरोखर दुर्मीळ, शर्यतीच्या थाटाची आवृत्ती, कितीला गेली ते बघा. तीही मस्टँग, तुमचीही मस्टँग. त्यातून 'किरकोळ काम बाकी' म्हणून पाचशे डॉलर उदार मनाने वजा करा, आणि खाली ठणकावून लिहा: घासाघीस करणाऱ्यांनी तसदी घेऊ नये, माझ्याकडे काय आहे ते मला ठाऊक आहे.

आपल्या माणसाला मात्र ही गाडी चुकूनही विकू नका. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तो आरतीला नेमका तुमच्या शेजारी उभा राहतो, आणि 'घालीन लोटांगण' म्हणताना तुमच्याकडेच बघतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, त्या आठवड्यात लोकांच्या डोक्यात हवा असते. तेव्हाही कोणी फिरकलं नाही, तर किंमत दोन हजारांनी वाढवा आणि जाहिरातीत भर घाला: 'सोबत नवी ताडपत्री.'