१११ मेंदू, पण खेळ कोणता?

आज फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापतींवर एक लेख वाचला आणि संताप आला. पहिल्याच परिच्छेदात ठोकून दिलंय : 'फुटबॉलपटूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मेंदूंत सीटीई आढळला.' (सीटीई म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूच्या ऱ्हासाचा आजार.) सोबत हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारणाऱ्या पोराचा फोटो. अहो, ते १११ जण एनएफएलचे! अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला शोधनिबंध आहे तो. शिवाय मेंदू दान केलेले. ज्यांना लक्षणं होती, त्यांच्याच घरचे दानाला पुढे येण्याची शक्यता जास्त. या नमुन्यावरून एकूण खेळाडूंमधलं प्रमाण काढता येणार नाही, हे लेखकांनी निबंधातच सांगितलंय. पण निबंध उघडलाय कुणी?

त्याच लेखात पुढे 'डिमेन्शियाचा धोका साडेतीनपट'. इथे खेळ तरी बरोबर आहे. ग्लासगोचे डॉ. विली स्टुअर्ट आणि सहकारी, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन', २०१९. स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडू आणि तुलनेला सर्वसाधारण लोकांमधले २३,०२८ जण. मेंदूच्या ऱ्हासाचा आजार हे मृत्यूचं मुख्य कारण किती जणांत? खेळाडूंत १.७ टक्के, इतरांत ०.५ टक्के. वय वगैरे जमेस धरून धोक्याचं गुणोत्तर ३.४५. पट आणि टक्के दोन्ही लिहा. नुसती पट घाबरवते, नुसते टक्के झोपवतात. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण खेळाडूंत कमी होतं, हेही त्याच निबंधात आहे.

आणि हेडर? कोणी किती मारले, हे त्यात मोजलेलंच नाही. २०२१ मध्ये त्याच गटाने मैदानावरच्या जागेनुसार पाहिलं, तेव्हा बचावपटूंमध्ये धोका सर्वाधिक, सुमारे पाचपट निघाला. गोलरक्षकांत लक्षणीय वाढ नाही. बोट हेडरकडेच जातं, मान्य. पण बोट दाखवणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. पुन्हा हे सगळे व्यावसायिक पुरुष. शाळेतली मुलं आणि महिला खेळाडू यांना तोच आकडा चिकटवू नका. स्वीडनच्या २०२३ च्या अभ्यासात ६,००७ खेळाडू होते आणि गुणोत्तर १.४६ आलं. तिथे मृत्यूच्या दाखल्यांबरोबर रुग्णालयातली निदानं आणि औषधांच्या नोंदीही धरल्या होत्या. मोजलेली गोष्टच वेगळी, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवताना ते सांगायला हवं.

निबंध विकत घ्यावा लागतो आणि लेख संध्याकाळपर्यंत द्यायचा असतो. ठीक आहे. पण सारांश पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत फुकट आहे, आणि लेखकांना ईमेल केली तर बहुतेकदा पूर्ण निबंध मिळतो. निबंध मागे घेतलेला नाही ना, हेही पबमेडवरच दिसतं. ही खबरदारी उगाचची नाही : कन्कशनवरच्या (डोक्याला मार बसून मेंदूला बसणारा झटका) आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या प्रमुखांना २०२२ मध्ये वाङ्मयचौर्याच्या आरोपांनंतर पद सोडावं लागलं आणि त्यांचे काही लेख मागे घेतले गेले. त्या गटाचं २०२३ चं निवेदन मैदानावरच्या तपासणीसाठी वापराच : १३ वर्षांपासून पुढे स्कॅट-६ ही कन्कशनची ठरावीक चाचणी, ८ ते १२ ला मुलांसाठीचा वेगळा, आणि नीट करायचा तर किमान १० ते १५ मिनिटं. दूरगामी परिणामांबद्दल ते काय म्हणतं हे छापण्याआधी मात्र शेवटचं, लेखकांचे हितसंबंध सांगणारं पान वाचा. हे प्रत्येक निबंधाला लागू. स्कॉटिश अभ्यासाला पैसा इंग्लंडची फुटबॉल संघटना आणि खेळाडूंची संघटना यांनी दिला होता. तेवढ्याने तो खोटा ठरत नाही, पण लिहायचं.

घरच्यांचं सांगणं? इथे माझा आवाज खाली येतो. इंग्लंडचे माजी फुटबॉलपटू जेफ अ‍ॅसल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेले. त्यांच्या मेंदूची पुन्हा तपासणी होऊन सीटीईचं निदान झालं २०१४ मध्ये, कारण घरच्यांनी पिच्छा सोडला नाही. आजार घरात काय करतो, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? फक्त आजाराचं नाव न्यूरोपॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे मेंदूच्या ऊती तपासणाऱ्या डॉक्टरच्या, अहवालातून घ्या. जिवंत खेळाडूला 'सीटीई झालाय' असं छापूच नका; खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

क्लबचं 'स्कॅन नॉर्मल, खेळाडू ठणठणीत' हे निवेदन तर मुळीच पुरावा नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोड शोधतो. कन्कशन त्यात सहसा दिसत नाही. शुद्धही बहुतेकांची हरपत नाही. २०१४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर डोक्याला मार बसल्यावरही सुमारे १४ मिनिटं खेळत होता, आणि 'हा अंतिम सामनाच ना?' असं पंचांना विचारत होता.

नियमांबद्दल लिहिताना तारीख घालाच. कन्कशनसाठी जादा कायमस्वरूपी बदली खेळाडूची चाचणी २०२१ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये ती पर्याय म्हणून नियमात आली. इंग्लंडमधली सरावात आठवड्याला १० जोरदार हेडरची मर्यादा २०२१ ची, आणि ती मार्गदर्शक सूचना आहे. आजच्या लेखात तिला 'जागतिक बंदी' म्हटलंय.