से बाँ

मी मूळचा कोल्हापूरचा आणि बँकेतून निवृत्त झालेला मनुष्य असल्यामुळे तिखटाची आणि बिलाची भीती मला कधीच वाटली नव्हती. तरीही पॅरिसच्या विसाव्या विभागात, मेनिलमोंताँच्या चढावर, लेकीच्या घरापासून चार पावलांवर असलेल्या एका लहानशा रेस्तराँत याच दोन गोष्टींपायी मी अडीच तास अडकून पडलो होतो.

रेस्तराँ निम्मे फ्रेंच आणि निम्मे उत्तर आफ्रिकी होते. दारातल्या काळ्या फळ्याच्या डाव्या बाजूला खडूने कांद्याचे सूप वगैरे लिहिले होते आणि उजव्या बाजूला कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले दाणे, व ताजीन, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला रस्सा. मालक साठीचे, अल्जीरियातल्या काबिली डोंगराळ मुलखातून आलेले. पॅरिसच्या कोपऱ्याकोपऱ्यावरची कितीतरी कॅफे याच काबिली मंडळींनी चालवली, ही माहिती लेकीने आम्ही दाराबाहेर ताटकळत असताना पुरवली; कारण आमच्या सौ. दिवेलागणीला जेवणाऱ्या, आणि तिथली चूल संध्याकाळी सातच्या आत पेटत नाही.

सौ. माळकरी घराण्यातल्या. गळ्यात तुळशीची माळ असल्याने त्यांच्यासाठी काय मागवावे, हा प्रश्न मी फळ्याच्या फ्रेंच बाजूवर सोडवायला घेतला. ‘री’ म्हणजे भात, एवढे फ्रेंच मला पुस्तकावरून येत होते. तेव्हा ‘री द व्हो’ हा एखादा साधा भाताचा प्रकार असणार, असे मी आत्मविश्वासाने जाहीर केले. त्यावर लेकीने खालच्या आवाजात सांगितले की हा ‘री’ वेगळा, उच्चार तेवढा सारखा, आणि या पदार्थात वासराच्या गळ्याजवळची ग्रंथी असते. सौ.नी माळ पदराआड घेतली आणि पुढचा संपूर्ण व्यवहार माझ्याकडून काढून घेतला.

मग भाज्यांच्या कुसकुसची चौकशी झाली. मालकांनी छातीवर हात ठेवून ग्वाही दिली की त्यात मांसाचा तुकडासुद्धा नसतो. रस्सा मात्र मटणाबरोबर एकाच पातेल्यात शिजतो, पण मटण मादामच्या ताटात येणारच नाही. लेकीने अडचण समजावून सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले, आणि मग त्यांना बहुधा गाव आठवले असावे. फळ्यावर नसलेला ‘अमेकफूल’ नावाचा पदार्थ त्यांनी करवून आणला: वाटाणे, गाजर आणि पावट्याच्या जातीच्या मोठ्या शेंगा, सारे केवळ वाफेवर शिजवून कुसकुसमध्ये मिसळलेले, वर ऑलिव्हचे तेल आणि सोबत पेलाभर ताक. परमुलखात ताक पाहून सौ.चे डोळे भरून आले. त्यांनी खुणेनेच शिजवण्याचे भांडे पाहायला मागितले. खाली रस्सा, वर चाळणीत दाणे, आणि मध्ये वाफ. “अहो, हे तर मोदकपात्र!” एवढे बोलून त्या ज्या मुदपाकखान्यात शिरल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रव्याला पाण्याचा हात लावून तळव्याखाली वळून दाणे कसे करायचे आणि एकदा वाफवून, मोकळे करून पुन्हा कसे वाफवायचे, हे सारे त्या एकही समान शब्द नसताना शिकून आल्या.

मी आपला कुसकुस ‘रोयाल’ मागवला होता. त्यात कोंबडी, मटण आणि मेर्गेझ नावाचे तिखट सॉसेज असते. (मेर्गेझ कुठे चांगले आणि कुठे कोरडे, हे लेकीला इतके अचूक कसे ठाऊक, हे सौ.च्या देखत विचारणे मी टाळले.) हा मोरोक्कोचा पदार्थ ना, असे मी सहज विचारले आणि मालकांचा चेहरा असा झाला, जसा पांढरा रस्सा नागपूरचा म्हटल्यावर माझा होईल. वस्तुतः २०२० साली अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चौघांनी मिळून कुसकुसची नोंद युनेस्कोच्या वारसा यादीत करून घेतली आहे. चार भावांची नावे एकाच सातबाऱ्यावर लागली, पण बांधावरची कुरबुर काही थांबलेली नाही. चूक सावरायला म्हणून मी हरिसा नावाची लाल मिरचीची चटणी, जी शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ काट्याच्या टोकावर घेऊन चाटत होते, ती ठेच्यासारखी चमचाभर कालवून खाल्ली. कानशिले तापली, पण कोल्हापूरची अब्रू राहिली. मालकांनी मला मिठीच मारली आणि ताटात रव्याचा दुसरा डोंगर उभा केला. रवा, भाज्या आणि रस्सा तिथे हवा तितका मिळतो.

खरा घोळ इथून सुरू झाला. पानात काही टाकायचे नाही, हे आईने माझ्या पाठीवर धपाटे घालून शिकवलेले. आणि पाहुण्याचे रिकामे ताट म्हणजे पाहुणा उपाशी, हे मालकांना त्यांच्या आईने तितक्याच जिव्हाळ्याने शिकवलेले असावे. मी ताट स्वच्छ करीत होतो आणि ते भरीत होते. लेकीला ऑफिसचा फोन आल्याने ती बाहेर गेली, पण जाताना सांगून गेली, “बाबा, नको असेल तर ‘से बाँ’ म्हणा.” मी म्हणालो. दुर्दैवाने ‘से बाँ’चा अर्थ ‘पुरे’ असा होतो, तसाच ‘छान आहे’ असाही होतो, आणि हरिसा चमच्याने खाणारा पाहुणा कोणत्या अर्थाने बोलत असेल, याविषयी मालकांना तिळमात्र शंका नव्हती. मी जितक्या काकुळतीने ‘से बाँ’ म्हणे, तितक्या प्रेमाने पळी येई.

सुटकेचा मार्ग म्हणून मी बिलाची वाट पाहू लागलो. आपल्याकडे शेवटचा घास तोंडात असतानाच बशीत बडीशेप आणि बिल येते. तिथे न मागता बिल आणणे म्हणजे गिऱ्हाइकाला ऊठ म्हणणे, असा शिष्टाचार आहे. म्हणजे मी सौजन्याने थांबलो होतो, तेही सौजन्याने थांबले होते, आणि दोन सौजन्यांच्या मध्ये रवा वाढत होता. त्या भाषेत बिलाला ‘बेरीज’ म्हणतात, हे मला चौथ्या डोंगरापाशी, लेक परत आल्यावर कळले.

बिल आले, हातभर उंचीवरून ओतलेला पुदिन्याचा चहा आला, आणि आम्ही उठलो. मालक काउंटरमागे खजूर भरलेल्या, मधात बुडवलेल्या रव्याच्या वड्या कागदात बांधत होते; मक्रूट म्हणतात त्यांना. मादामसाठी, असे ते म्हणाले. मी भारावलो होतो. जेवण खरोखरच उत्तम झाले होते आणि ते सांगितल्यावाचून जाणे बरे दिसले नसते, म्हणून दारातून हात उंचावून मी मनापासून म्हणालो, “से बाँ!”

मालकांनी समजूतदारपणे मान हलवली, पुडके सोडले आणि वड्या पुन्हा थाळीत मांडल्या.

सौ. घर येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.