'गाणी फार होती' म्हणणाऱ्यांच्या बाजूने

भाऊबीजेला नणंद, तिचे यजमान आणि भाचा आमच्याकडे डोंबिवलीला आले होते. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि मग सगळे जिथे जागा मिळेल तिथे टेकले. आमच्या घरात सणाच्या दिवशी राजकारण काढायचं नाही असं ठरलेलं आहे, त्यामुळे गप्पा हमखास सिनेमावर येतात. वर्षभरात कुणी काय पाहिलं, कुठे पैसे वाया गेले, कुठे रडू आलं. यातलं कुणीही जाणकार वगैरे नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा थिएटरला जाणारी, बाकी टीव्हीवर लागेल ते बघणारी माणसं.

2025 च्या जानेवारीत आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलेल्या 'संगीत मानापमान' या, जुन्या संगीत नाटकावरच्या सिनेमाचा विषय निघाला. भाचा म्हणाला, "मामी, गाणी फार होती गं त्यात." नणंदेने लगेच दुजोरा दिला, "मी तर एका गाण्याला बाहेर जाऊन कॉफी घेऊन आले." त्या वेळी घरात नवऱ्याचे एक स्नेही बसले होते. अनेक वर्षं शास्त्रीय संगीत शिकलेले, माणूस म्हणून फार चांगले. ते शांतपणे म्हणाले, "ज्यांना कान नाही त्यांनी संगीताच्या सिनेमाला जाऊच नये."

भाचा गप्प झाला. नणंद चिवड्याच्या डब्याचं झाकण लावायला लागली. विषय तिथेच संपला, पण माझ्या मनातून तो गेलेला नाही. मला ते वाक्य लागलं. त्या दोघांच्या वतीने मी तेव्हा काहीच बोलले नाही, याचं जास्त वाईट वाटतंय. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

तो रविवार मला नीट आठवतो. आम्ही पाच जण होतो. मराठी सिनेमाला सोयीची वेळ मिळणं किती कठीण असतं ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला दुपारी जेवणाच्या वेळचा खेळ मिळाला, म्हणून सकाळी अकरालाच पोळी-भाजी खाऊन निघालो. थिएटर अर्धं रिकामं होतं. सासूबाई 76 वर्षांच्या. त्या काठापदराची साडी नेसून आल्या होत्या, कारण त्यांच्या मनात आपण 'मानापमान'ला चाललो होतो, सिनेमाला नाही. पहिलं गाणं सुरू झालं आणि आवाज एवढा मोठा, की दहाव्या मिनिटाला त्यांनी माझ्याकडे कापूस मागितला. पर्समध्ये होता, दिला. ज्या बाईला अख्खी नाट्यपदं पाठ आहेत, तिने नाट्यपदं ऐकताना कानात कापूस घालावा लागणं, हे मला तेव्हाही फार टोचलं.

भाचा दुसऱ्या बाजूला. वय 19, शाळा इंग्रजी माध्यमाची. 'शूरा मी वंदिले' आलं तेव्हा त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "वंदिले म्हणजे?" मी सांगेपर्यंत पुढची ओळ निघून गेली होती. खाली इंग्रजीत अर्थ येत होता, तो वाचत बसला. पद ऐकू की वाचू, असं त्याचं चाललेलं. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला त्याने मोबाइल काढला. मला राग आला होता. आता नाही येत.

कारण हाच मुलगा जुलैमध्ये 'सैयारा' हा हिंदी सिनेमा तीनदा बघून आला. तीनदा! मी त्याला विचारलं, त्यातही गाणी आहेतच की, मग? तो म्हणाला, "मामी, त्यात तो गाणं बनवतोय ना. ते बनतं की नाही हेच बघायचं असतं." मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. त्या सिनेमात मुलगी शब्द लिहिते, मुलगा चाल बांधतो, मग तिची आठवण पुसत जाते आणि दोघांमध्ये ते गाणं उरतं. गाणं काढून घेतलं तर गोष्टच राहत नाही. मला स्वतःला तो सिनेमा काही ठिकाणी फार ताणलेला वाटला, पण पोराचं म्हणणं खरं आहे. मग त्याला 'कान नाही' असं कसं म्हणायचं? जो मुलगा एका गाण्यासाठी तीन वेळा तिकीट काढतो, त्याला गाणी नको आहेत?

'गाणी फार होती' म्हणताना तो गाणी मोजत नव्हता. गोष्ट थांबली होती, एवढंच तो सांगत होता. त्याच्याकडे त्यासाठी दुसरे शब्द नव्हते.

'मानापमान'च्याच दिग्दर्शकाचा, सुबोध भावे यांचा, 2015 च्या दिवाळीत आलेला 'कट्यार काळजात घुसली' आठवा. त्यात गाणी कमी होती का? गाण्यांशिवाय त्यात दुसरं काय होतं? पण आमच्या सोसायटीतली, आयुष्यात एकही मैफल न ऐकलेली माणसं तो सिनेमा दोन-दोनदा बघून आली. तेव्हा 'गाणी फार' हे वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. याचं कारण मला आता कळतं. तिथे दरबारात पंडितजी आणि खाँसाहेब समोरासमोर गायला बसतात तेव्हा राजगायकाची हवेली पणाला लागलेली असते, मान पणाला लागलेला असतो. गाता गाता पंडितजींचा आवाजच फुटेनासा होतो. राग कुठला ते आमच्यातल्या कुणाला कळलं नसेल, पण एका माणसाचं सगळं आयुष्य त्या क्षणी त्याच्या गळ्यात अडकलंय, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळलं. पुढे पंडितजींचा शिष्य सदाशिव सूड घ्यायला येतो तोही गाण्यानेच. मारामारीच्या सिनेमात जे काम तलवार करते, ते इथे तान करते. अशा वेळी कुणी कॉफी आणायला उठत नाही.

'मानापमान'चं तसं नाही, आणि यात मी कुणाच्याही मेहनतीला कमी लेखत नाही. ती भव्यता, ते कपडे, ते गळे, सगळं मनापासून केलेलं दिसतं. 'वंदन हो' शंकर महादेवन, राहुल देशपांडे आणि महेश काळे एकत्र गातात तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अडचण मूळ नाटकाच्या स्वभावातच आहे. खाडिलकरांचं हे नाटक 1911 चं. श्रीमंत भामिनी गरीब पण शूर धैर्यधराचा अपमान करते, मग वेश बदलून त्याला जवळून बघते आणि त्याच्या प्रेमात पडते. गोष्ट एवढीच. ती त्या काळच्या प्रेक्षकालाही तासाभरात कळत असणार. लोक यायचे ते गोविंदराव टेंब्यांच्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून ऐकायला. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेलं 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्री भामिनीचं लग्न कुणाशी होणार याची काळजी करत कुणीही बसलं नसेल! ते दोन गळे एका रंगमंचावर ऐकायचे होते, बस.

याबद्दल सासूबाई जे म्हणाल्या ते मी पुढच्या आयुष्यात विसरणार नाही. मध्यंतरात मी विचारलं, "आई, कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "गातात गं छान. पण पडदा ऐकत नाही."

मला आधी कळलं नाही. आवाजाबद्दल बोलताहेत असं वाटलं. मग घरी येताना रिक्षात त्यांनी सांगितलं. लग्नाआधी सांगलीला असताना त्यांनी वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब पाहिला होता, 'कट्यार'च्या नाटकात. एका पदाला पाठीमागून कुणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं, मग सगळ्या थिएटरने उचललं. वसंतरावांनी हसून मान डोलावली आणि तेच पद पुन्हा घेतलं, पण तसंच नाही, वेगळ्याच अंगाने. "दुसऱ्यांदा आमच्यासाठी गायले," असं त्या म्हणाल्या. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण सांगताना त्यांचा हात आपोआप ताल धरत होता.

नाटकातही गाण्याने गोष्ट थांबायचीच, आजच्यापेक्षा जास्त थांबायची. पण तिथे ती प्रेक्षक थांबवायचा. आपण हात वर केला म्हणून गाणं लांबलं, आपण टाळी दिली म्हणून ती तान पुन्हा आली. थांबण्यावर आपला हक्क होता. सिनेमात गाणं किती वेळ चालणार हे आधीच कुठेतरी संकलनाच्या टेबलावर ठरून आलेलं असतं. सासूबाईंना आणखी ऐकायचं असेल तरी ते संपतं आणि भाच्याला पुरे झालं असेल तरी चालूच राहतं. नाटकातलं पद उचलून जसंच्या तसं पडद्यावर ठेवलं की ही अर्धी गंमत मागेच राहते. मग त्या जागी गाण्याला दुसरं काहीतरी काम द्यावं लागतं. 'कट्यार'मध्ये ते काम गोष्टीतच होतं. 'मानापमान'मध्ये ते शोधून काढावं लागलं असतं, आणि माझ्या मते ते पुरेसं शोधलं गेलं नाही.

जाणकार काही म्हणोत, साध्या प्रेक्षकाला ही गोष्ट फार चटकन कळते. 'बाईपण भारी देवा' आठवा, 2023 चा. आमच्या ऑफिसमधल्या 14 जणी नऊवारी नेसून गेलो होतो. बहिणींची भांडणं मिटणार की नाही ते मंगळागौरीच्या स्पर्धेतच कळणार होतं, त्यामुळे शेवटच्या खेळाला अख्खं थिएटर उभं होतं. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात धरला होता आणि दोघी रडत होतो. 'सैराट'मध्ये तर उलटं आहे. चारही गाणी आर्ची-परशा पळून जाण्याआधी येतात. 'झिंगाट'ला माणसं पडद्यासमोर जाऊन नाचली हे सगळ्यांनी पाहिलंय. पण ते पळाले की गाणी बंद. माझा नवरा, जो गाण्याच्या बाबतीत अगदी उदासीन माणूस आहे, तो तेव्हा घरी येऊन म्हणाला होता, "नंतर एकही गाणं नाही आलं, तेव्हाच पोटात गोळा आला." गाणं नसणंसुद्धा ज्याला ऐकू येतं, त्याला कान नाही?

त्याच वर्षी सप्टेंबरात 'दशावतार' हा सिनेमा पाहिला. माझे सासरे मूळचे कुडाळकडचे, त्यामुळे नवरा लहानपणी जत्रेत रात्र-रात्र दशावतार, म्हणजे कोकणातलं ते लोकनाट्य, बघत बसलेला. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे सुचतील तसे, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री रंग लावून उभा राहिला आणि मागे वाजायला लागलं, तेव्हा हा माणूस खुर्चीच्या अगदी टोकाला येऊन बसला. सिनेमाचा उत्तरार्ध मला थोडा घाईचा वाटला, त्याला तोही आवडला. त्याच्यासाठी ते वाजणं म्हणजे गावाकडची रात्र होती. असं काहीतरी आपलं असेल तर माणूस गाण्यात लगेच शिरतो. माझ्या भाच्याला नाट्यपदाचं असं काहीच मिळालेलं नाही. त्याला ते मिळालं नाही यात त्याचा काय दोष? घरात कुणी लावलं नाही, शाळेत कुणी ऐकवलं नाही. आणि मग त्याने एका रविवारी येऊन 1911 सालची भाषा कानांनी पकडावी अशी अपेक्षा करायची, आणि नाही पकडली तर त्याला दाराबाहेर काढायचं!

आपल्याकडे बोलपटाची सुरुवातच या नाटकवाल्यांनी केली. 1932 ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, पहिला मराठी बोलपट, तेव्हा त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. म्हणजे 'मानापमान'ला चाली देणाराच माणूस मराठी बोलपटाच्या पहिल्या पायरीवर उभा होता. तेव्हा तिकीट काढून आलेल्यांचे कान कुणी तपासले नव्हते. साधी माणसं आली, ऐकत राहिली, त्यांना कळायला लागलं.

म्हणून मला त्या स्नेह्यांना, आणि त्यांच्यासारखा विचार करणाऱ्या सगळ्यांना, अगदी कळकळीने सांगायचं आहे. सहा-सातशे रुपये खर्चून, रविवारची दुपार देऊन जो मराठी गाण्यांच्या सिनेमाला येतो, तो आधीच तुमच्या बाजूचा आहे. त्याला हाकलू नका. त्याने कॉफी कुठल्या गाण्याला आणली ते विचारा. आणि सिनेमा करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर, पदांचे शब्द मराठीतही पडद्यावर द्या ना. देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. मुलं वाचतील, वाचता वाचता गुणगुणतील. थिएटरवाल्यांनी आवाज जरा खाली आणावा, म्हातारी माणसं पुन्हा यायला लागतील.

मी त्या दिवशी गप्प बसले, ते चुकलं. काल भाच्याला फोन करून तसं सांगितलं. तो म्हणाला, "अगं मामी, मला ते आठवतही नाही." पण मला आठवतंय.

डोंबिवली, ठाणे, दादर, कुठेही 'मानापमान' किंवा 'कट्यार' नाटकाचा प्रयोग लागला तर कृपया खाली कळवा. तीन तिकिटं हवी आहेत, शक्यतो पुढच्या रांगांमधली. सासूबाईंना 'वन्स मोअर' द्यायचा आहे.