कोपऱ्यावर कॅमेरा आला आणि हवालदार गेले

परवा सोसायटीच्या ग्रुपवर आभाराच्या मेसेजेसचा नुसता पाऊस, कारण काय तर कोपऱ्यावर सीसीटीव्ही बसला. बसला ते बरंच झालं, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या बीटच्या, म्हणजे आमच्या भागात रोज गस्त घालणाऱ्या, हवालदारांची बदली झाली, त्याबद्दल कोणी चकार शब्द नाही काढला, साधे हात जोडलेली इमोजी पण नाही.

हवालदारसाहेबांची टोपी डोक्यावर कमी आणि काखेत जास्त. संध्याकाळी चौकीतून निघायचे, पाच मिनिटं इस्त्रीवाल्याकडे, मग मेडिकलवाल्याकडे, मग पिठाच्या गिरणीसमोर. बघणाऱ्याला वाटायचं टाइमपास चाललाय. गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या आजींकडे गॅसची पाइप चेक करायची म्हणून दोघं जण शिरले, आजी घरात एकट्या, तर इस्त्रीवाल्याला ते काही बरोबर वाटेना, त्याने थेट हवालदारसाहेबांच्या मोबाइलवर फोन लावला. का, तर नंबर होता आणि हे आधी "तू कोण, तुझं नाव काय" करत बसणार नाहीत ही खात्री होती. हे आलेले दिसताच दोघं मागच्या भिंतीवरून पसार, आजींच्या पाटल्या हातातच. ११२ हा इमर्जन्सी नंबर आहेच, लावायलाच पाहिजे, पण तिथे आधी पत्ता सांगावा लागतो, इथे "आजींकडे या" एवढं पुरलं.

माझा मामा भिवंडीला लूमवर होता म्हणून हे मला जास्त जाणवतं. १९७० ची दंगल, मग १९८४ ची, भिवंडीचं नावच तसं पडलेलं. ८४ नंतर मामी कितीतरी वर्षं दिवसासुद्धा दाराला कडी लावून बसायची. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त, म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. शांतता कमिटी वेगळी बरं का, तिथे गणपती-मोहरमच्या आधी तेच ठरलेले पुढारी येतात, चहा-बिस्किट, फोटो, झालं. ह्या कमिट्यांत दोन्ही समाजातली साधी माणसं आणि त्यांच्यासोबत त्या भागातला पोलीस. भांडण गटाराचं असो की नळाचं, तिथल्या तिथे बोलायचं, म्हणजे ते धर्माचं होत नाही. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबईच्या दंगलीत जवळपास ९०० माणसं गेली आणि जी भिवंडी सगळ्यात आधी पेटणार असं सगळे धरून चालले होते ती शांत राहिली!! नंतर मुंबईनेही तोच धडा गिरवला, मुंबईचे माजी पोलीस कमिशनर रिबेरो साहेब, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे कमिशनर सतीश साहनी यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या.

आणि हो, २००६ पण विसरून चालणार नाही. त्याच भिवंडीत कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस स्टेशन बांधायचं निघालं त्यावरून भडका उडाला, दोन पोलीस जिवानिशी गेले. म्हणजे एकदा विश्वास कमावला की तो कायमचा राहतो असं नाही, तो रोज फिरून, रोज बोलून टिकवावा लागतो. मामा म्हणायचा, पोलीस रस्त्यात थांबून हालहवाल विचारायचा बंद झाला की समजायचं, आता तो फक्त काठी घेऊनच येणार.

आता कोणीतरी म्हणेल की ओळख वाढली की हप्ता पण वाढतो. वाढतो की, नाही कुठे म्हणतोय. पण अनोळखी पोलीस हप्ता घेत नाही असं कुणी पाहिलंय का? गल्लीत सगळ्यांसमोर उठबस असलेल्या माणसाला निदान तोंड तरी दाखवायचं असतं.

खरी बोंब वेगळीच आहे. बीटवाल्याला बीटवर राहूच देत नाहीत. आज सभा, उद्या मिरवणूक, परवा कुठल्यातरी व्हीआयपीचा दौरा, बंदोबस्त संपला की कोर्टाची समन्स वाटत फिरा, आणि एवढं करून माणसं ओळखीची झाली रे झाली की बदली. तीन वर्षांत आमच्या हवालदारांनी कुठल्या घरातला पोरगा बिघडतोय, कुठला नवरा पिऊन मारतो, भाड्याच्या कुठल्या खोलीत नवीन कोण आलंय, सगळं डोक्यात साठवलेलं, ते चार्ज देताना कुठल्या कागदावर लिहून देणार?

नवीन हवालदार परवा आले होते. गेटवरचा गस्तीच्या हजेरीचा क्यूआर कोड स्कॅन केला, बाइक बंद पण नाही केली, गेले. इस्त्रीवाला हातातली इस्त्री ठेवून बाहेर आला तोवर बाइक सिग्नलपाशी पोचली पण. मला विचारत होता, नंबर मिळेल का ह्यांचा?