"सर, तुम्ही येऊन बघा"

नर्सिंगच्या नवीन बॅचच्या मुली वॉर्डात आल्या की मी त्यांच्याकडून आधी एक वाक्य मोठ्याने म्हणवून घेते : "सर, तुम्ही आत्ता येऊन बघा." निम्म्या जणींचा आवाजच फुटत नाही.

काही वर्षांपूर्वीची नाइट. सिझेरियनची पेशंट. रात्री 1 वाजता नव्या सिस्टरने ड्यूटीवरच्या रेसिडेंट डॉक्टरला फोन केला, "सर, पल्स 108 आहे." पलीकडून : "बीपी ठीक आहे ना? मग एवढ्यासाठी उठवलंस?"

झालं. 3 वाजता पल्स 126, दोन तासांत युरोबॅगमध्ये जेमतेम 20 मिली लघवी, ओठ पांढरे. पोरीने चार्टवर सगळं नीट लिहिलं होतं. मी पोचले तेव्हा ती कॉटपाशी मोबाईल घेऊन उभी होती, स्क्रीनवर सरांचा नंबर, पण फोन काही लावला नव्हता. पोटात रक्तस्राव होत होता. परत ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं, वाचली बाई.

रक्त जात असलं तरी तरुण शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं. आधी नाडी पळते, लघवी कमी होते. हे डॉक्टर आणि सिस्टर दोघेही शिकलेले असतात. रेसिडेंट वाईट नव्हता हो, तोही नवाच, सलग दुसरी रात्र जागा. पण त्याच्या एका वाक्याने दोन तास गेले.

एसबार सगळ्यांनी ऐकलंय. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून दवाखान्यात आलेली, पेशंटबद्दल चार टप्प्यांत कळवायची पद्धत : आत्ता काय होतंय, पेशंटची हिस्टरी काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. पहिलं दुसरं आमच्या मुली घडाघडा सांगतात. चौथ्यापाशी अडतात, कारण डॉक्टरांना "या" म्हणायचा हक्क आपल्याला आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

डॉक्टरांनाही हात जोडून सांगते, फोनवरची ऑर्डर सिस्टरने परत म्हणून दाखवली तर चिडू नका. आणि इन्सुलिन लिहिताना "युनिट" पूर्ण लिहा. आकड्याला चिकटलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो, 10 चे 100 होतात.

गेल्या आठवड्यात एका नवीन मुलीने रात्री अडीचला फोन लावला, चौथं वाक्यही बोलली. डॉक्टर आले, तपासलं, काही नव्हतं. जाताना म्हणाले, "बोलावलंस ते बरं केलंस. पुन्हा शंका आली तर कर फोन." पहाटे 5 ला दुसऱ्या पेशंटसाठी तिने केला. मला विचारायलासुद्धा थांबली नाही.