बाही लागली होती

माझा धंदा ग्रॅनाइटचा. सांगलीत बावीस वर्षं लोकांचे ओटे, पायऱ्या, खिडक्यांच्या पट्ट्या करतोय. दगडाशी खेळतातसुद्धा, हे मात्र मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही भाच्यामुळं.

भाचा कॅनडात, रिजायनाला. मागच्या हिवाळ्यात एकदा रात्री अकराला त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, झोपला न्हाई न्हवं? हा दगड बघा आणि सांगा कसला हाय." कॅमेऱ्यासमोर एक वाटोळा दगड आणि वर प्लॅस्टिकची मूठ. तोटी नसलेली चहाची किटली म्हणा. मी म्हटलं, खाण सांगता येणार नाही, पण बुडाचा दाणा बारीक दिसतोय, हा पाणी पिणार नाही. "करेक्ट!" म्हणून पोरगं एवढ्यांदा ओरडलं की आमची ही उठून बसली. तेव्हापासून मी कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या आणि त्याच्यापुढं झाडू मारायच्या खेळाच्या नादाला लागलोय. झाडूवरचे सगळे विनोद आमच्या घरात करून झालेत, ते नवीन म्हणून कुणी सांगू नका.

दगडाचं आधी सांगतो, कारण बाकीच्यांना त्यात गोडी नसते आणि मला आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून साधारण सोळा किलोमीटरवर एल्सा क्रेग नावाचं बेट आहे. माणूसवस्ती नाही, समुद्रपक्ष्यांचं राज्य. तिथला ग्रॅनाइट मॉकलिन नावाच्या छोट्या गावातल्या कारखान्यात कातून हे दगड तयार होतात, ऑलिंपिकचेसुद्धा. वजन जास्तीत जास्त 19.96 किलो. यात बेटावरच्या दोन जाती वापरतात. एक जात टक्कर सोसणारी, ती अंगाला. दुसरी ब्लू होन, ती बर्फाला टेकते तिथं, कारण तिच्यात पाणी मुरत नाही. मुरलं तर ते आत गोठणार, फुगणार आणि दगडाचे टवके काढणार. सिंकच्या कडेला कुठला दगड लावायचा यावरून माझी दर महिन्याला एका तरी गिऱ्हाइकाशी वादावादी होते. त्याचंच हे थोरलं रूप.

आणि दगड पूर्ण बुडावर टेकत नाही. तांब्याच्या बुडाला असते तशी गोल कडा असते, तेवढ्यावरच तो पळतो. आता एक गंमत घरी करून बघा. स्टीलचा पेला ओट्यावर पालथा घाला, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गिरकी देऊन पुढं सरकवा. पेला डावीकडं वळतो. कर्लिंगच्या दगडाला तशीच गिरकी दिली तर तो उजवीकडं वळतो. असं उलट का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. या संशोधनात माझ्याकडून दोन पेले चेपले, त्याचा निकाल घरात लगेच लागला.

खेळ म्हणाल तर कॅरमवाल्याला पाच मिनिटांत समजेल. पंचेचाळीस मीटर लांब बर्फाची पट्टी, पलीकडच्या टोकाला बारा फूट व्यासाचं वर्तुळ, त्याला हाऊस म्हणतात. एका बाजूला चौघं, प्रत्येकाला दोन दगड. दोन्हीकडचे मिळून सोळा दगड संपले की एक एंड झाला, आपल्या भाषेत एक बोर्ड. मध्याच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड त्यालाच गुण, आणि समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या दगडाच्या आत आपले जेवढे दगड तेवढे गुण. असे दहा एंड. शेवटचा दगड हातात असणं म्हणजे हॅमर, आणि सगळं राजकारण त्याच्याभोवती. एकच गुण मिळत असेल तर कधीकधी मुद्दाम तो सोडतात आणि एंड शून्यावर संपवतात, म्हणजे हॅमर पुढच्या एंडला आपल्याकडंच राहतो. कव्हर बसणार नसेल तर राणीला हात लावायचा नाही, तसंच हे.

बर्फ गुळगुळीत नसतो, हे मला आधी पटलंच नाही. तासगावकडं द्राक्षाच्या बागेत पाठीवर पंप घेऊन फवारतात ना, तशीच टाकी पाठीला लावून एक माणूस बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडत उलटा चालत जातो. थेंब गोठतात आणि बर्फावर बारीक पुरळ उठतं. दगड त्या पुरळावरून जातो. ही त्यांची बोरिक पावडर. पुढं दोघं ब्रशनं घासतात तेव्हा बर्फ किंचित तापतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे सोडलेल्या स्ट्रायकरला वाटेत मदत करायची मुभा. कॅरममध्ये हे असतं तर मी आज कुठल्या कुठं असतो.

देशादेशांच्या संघांची जागतिक स्पर्धा 1959 पासून चालू आहे. तेव्हा नाव स्कॉच कप, पाठीशी व्हिस्कीवाले, आणि संघ दोनच, स्कॉटलंड आणि कॅनडा. कॅनडाकडून उतरले ते भाच्याच्याच प्रांतातले रिचर्डसन, दोघं सख्खे आणि दोघं चुलत भाऊ. पाचही सामने जिंकून आले. चार चुलत-सख्खे एका संघात चार दिवस न भांडता खेळले, हे मला विश्वविजेतेपदापेक्षा मोठं वाटतं. बायकांची स्पर्धा 1979 ला सुरू झाली. 2025 ला दोन्हीकडं तेरा-तेरा देश होते, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, वरचे सहा पुढं.

पण मला सांगायचं आहे ते 1972 चं. जर्मनीत गार्मिश-पार्टनकिर्शनला अंतिम सामना, कॅनडाविरुद्ध अमेरिका. शेवटचा एंड, अमेरिका 9-7 नं पुढं. कॅनडाच्या ओरेस्ट मेलेशुकनं शेवटचा दगड सोडला. त्याला दोन गुण हवे होते, आणि दगड असा थांबला की एक का दोन, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. अमेरिकेच्या खेळाडूनं झाडू वर केला, जिंकलो म्हणून. त्यांचा कप्तान बॉब लाबाँटे आनंदानं उडाला, बर्फावर घसरला आणि त्याचा पाय कॅनडाच्या त्या दगडाला लागला. दगड हलला. आता मोजणार काय? कॅनडाला दोन गुण दिले, 9-9 झाले, जादा एंड झाला आणि कॅनडा 10-9 नं जिंकला. पुढं 1980 पर्यंत कॅनडाला हे विजेतेपद मिळालं नाही. लोक त्याला लाबाँटेचा शाप म्हणतात.

शाप वगैरे सोडा. त्या एका स्पर्शानं माझी झोप घालवली, कारण या खेळातला स्पर्शाचा नियम मी नंतर वाचला.

तो असा. पळत्या दगडाला आपल्या झाडूचा, पायाचा, कशाचाही स्पर्श झाला तर आपणच लगेच सांगायचं. पट्टीवर दोन आडव्या हॉग रेषा असतात, एक दगड सोडायच्या बाजूला, एक पलीकडच्या हाऊसच्या अलीकडं. दगड पलीकडच्या हॉग रेषेच्या आधी असेल तर तिथंच उचलून बाजूला. रेषा ओलांडून गेला असेल तर सगळे दगड थांबेपर्यंत गप्प राहायचं, आणि मग ठरवणार समोरचा संघ. त्यांनी म्हटलं काढा, तर काढायचा. म्हटलं राहू दे, तर राहील. किंवा स्पर्श झाला नसता तर दगड कुठं गेले असते याचा अंदाज घेऊन ते तिथं ठेवतील. परत वाचा. चूक करणाऱ्यानं सांगायचं आणि ज्याचं नुकसान झालं त्यानं निवाडा करायचा. पंच असतात, नाहीत असं नाही. दोन दगडांतलं अंतर डोळ्याला कळेना झालं की ते यंत्र घेऊन मोजायला येतात. दगड सोडताना हात अलीकडच्या हॉग रेषेच्या आधी सुटला का नाही, त्यासाठी मोठ्या स्पर्धांत मुठीत सेन्सर असतो. वेळेत सुटला तर हिरवा दिवा, नाही तर लाल. म्हणजे तीही माणसंच, सगळं विश्वासावर सोडलेलं नाही. पण झाडू लागला का, याला दिवा नाही.

2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, कॅनडा आणि डेन्मार्कच्या बायकांच्या सामन्यात हेच झालं. डेन्मार्कच्या बाईचा झाडू स्वतःच्याच दगडाला लागला. तो लागल्यानं दगड फार काही इकडचा तिकडं झाला नव्हता. कॅनडाची कप्तान रेचल होमन आली आणि तिनं दगड उचलून बाहेर काढला. नियमात शंभर टक्के बसतं. तरी जाणकारांनी तिच्यावर टीका केली. त्यांचं म्हणणं, एवढ्याशासाठी दगड काढत नसतात. आणि तो सामना कॅनडा जादा एंडला 9-8 नं हरला. (ही होमन आदल्याच वर्षी जगज्जेती होती आणि पुढं 2024, 2025 अशी लागोपाठ पुन्हा झाली, म्हणजे लेचापेचा खेळाडू नव्हे.) मी तो प्रसंग चार वेळा बघितला. माझं लक्ष होमनकडं नव्हतंच. मी त्या डेन्मार्कच्या बाईकडं बघत होतो. लागलं, आणि लपवायचा विचार तिच्या तोंडावर एक क्षणही आला नाही.

आता माझं.

1996, गणपतीतली मंडळाची कॅरम स्पर्धा, गावभागात. अंतिम सामना, समोर अण्णा. अण्णा बँकेत शिपाई होते, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आणि हात असा की रिबाउंडला सोंगटी सांगून घ्यायचे. एकेक गेम झालेला, तिसऱ्यात 22-22. लगेच बक्षीस समारंभ आणि फोटो होता म्हणून मी लांब बाह्यांचा पांढरा शर्ट घालून बसलो होतो. डावीकडचा फटका घ्यायला वाकलो आणि मनगटाचं बटण एका काळ्या सोंगटीला लागलं. नखभर सरकली. तेवढ्यानं माझ्या पांढरीला पॉकेटची वाट मोकळी झाली. लाइट गेली होती, पंच जनरेटरवाल्याला हाका मारत होता. अण्णा पेट्रोमॅक्सच्या उजेडात चष्मा पुसत होते. मी एवढंच म्हटलं, "घेऊ का अण्णा?" ते म्हणाले, "घे की."

बक्षीस भिंतीवरचं घड्याळ. ते अजून दुकानात आहे. 2019 च्या पुरात दुकानात पाणी आलं, ग्रॅनाइटला काही झालं नाही, कॅरम बोर्ड फुगून पापडासारखा झाला, आणि घड्याळ वर खिळ्याला होतं ते चालतच राहिलं.

म्हणून "हे आपल्याकडं चालणार नाही" असं कुणी म्हटलं की मला पहिल्यांदा माझीच बाही आठवते. मित्र म्हणतात, अरे आपल्याकडं पंच असून ही तऱ्हा. 2025 च्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ बसलेली सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, आणि तू म्हणतोस पोरं आपणहून सांगतील? मला हे उलटं वाटतं. सगळा निवाडा पंचावर टाकला की खेळणाऱ्याचं काम उरतं एकच, पंचाला दिसू न देणं. मग पंच चुकला की लाथ, आणि आपल्या बाजूनं चुकला की हार-तुरे. मातीतल्या जुन्या कुस्तीत चीतपट म्हणजे चीतपट असायची, पाठ लागली हे सगळ्यात आधी खाली पडलेल्यालाच कळायचं. तो उठून अंग झाडून सरळ चालायला लागायचा, असं आमचे वडील सांगायचे. ते थोडं रंगवून सांगायचे हेही मान्य आहे.

दुसरं म्हणजे "बर्फ कुठाय आपल्याकडं". बर्फ फिलिपिन्समध्येही नाही. त्यांच्या पुरुष संघानं 2025 च्या आशियाई हिवाळी स्पर्धेत हार्बिनला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला हरवून सुवर्ण घेतलं. त्यातले बहुतेक खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले, ही पळवाट मी स्वतःच सांगून टाकतो. आणि कोरियाचा जो बायकांचा संघ 2018 ला रौप्य घेऊन गेला, त्यांचं गाव उइसाँग हे लसणाचं गाव. आपलं हळदीचं. पण मी काही सांगलीत बर्फाची पट्टी करा म्हणत नाही. इथलं विजेचं बिल मला माहीत आहे.

मी एवढंच केलं. रविवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आम्ही पाच-सहा जण मागच्या शेडमध्ये नव्या बोर्डावर बसतो. तिथं मी नियम लावला, लागलं त्यानं सांगायचं, दंड समोरच्यानं ठरवायचा. पोरं हसली. पहिल्या रविवारी चार बोर्ड झाले आणि सात स्पर्श निघाले. सात! आजवर वर्षाला दोन निघत नव्हते. कुणाची करंगळी, कुणाची बाही, आमच्या पॉलिशवाल्याची तर गळ्यातली साखळी. त्यातले तीन माझे. बहुतेक वेळा समोरचा "असू दे, खेळ" म्हणाला. दुसऱ्या रविवारी मात्र पॉलिशवाल्यानं माझ्या दोन सोंगट्या बाहेर काढून मध्यात मांडल्या, शांतपणे, मालक-बिलक न बघता. नियम मीच केलेला, तरी मला सणसणीत राग आला. घरी येऊन मी होमनवर टीका करणाऱ्यांचे लेख पुन्हा वाचले आणि मला ते फारच पटले.

अण्णा आता मिरजेला असतात. डोळ्यांनी कमी दिसतं. परवा फोन केला, रविवारी या म्हटलं. "खेळाय न्हाई जमायचं बाबा, बसतो नुसता," म्हणाले. अण्णा फेसबुकवर नाहीत, पण त्यांचा मुलगा आहे. त्याला विनंती, हे रविवारपर्यंत वाचून दाखवू नकोस, मला स्वतः सांगायचं आहे.

घड्याळ काढून ठेवू का, असं दुकानातल्या पोरानं विचारलं. राहू दे म्हटलं. दहा मिनिटं मागं पडलंय, सेल तेवढा बदल.